एका ओळीत तीन झेंडे: मुलांच्या इमोजी-जोड्यांची पार्श्वभूमी

शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या चॅटमध्ये एकटा इमोजी आता फारसं काही सांगत नाही. त्याच्या शेजारी कोण आहे, तो वाक्यात कुठे आलाय आणि किती वेळा दाबलाय, यावर सगळं अवलंबून असतं. हे वळण अलीकडचं, साधारण २०१८ नंतरचं. त्याआधीचं थोडक्यात सांगता येईल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जपानी मोबाइल कंपन्यांनी आपापले चित्रसंच काढले. त्यातला सर्वांत गाजलेला १९९९ चा संच १७६ चित्रांचा होता, प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांचं. एका कंपनीचं चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर धड दिसायचं नाही, म्हणून २०१० मध्ये युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, ६.० आवृत्तीत या चित्रांना जगभर चालणारे सामाईक क्रमांक दिले गेले. पुढच्याच वर्षी आयफोनच्या कीबोर्डवर ती जपानबाहेरही सहज मिळू लागली. मूळ संच जपानी रोजच्या जगण्यातून आलेला असल्यामुळे आपल्या हाती आधी सुशी आली. पणती, साडी, रिक्षा आणि देऊळ यायला २०१९ उजाडलं.

चित्रं जोडण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली तांत्रिक. ❤️ आणि 🔥 यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवलं की ❤️‍🔥 हे एकच चित्र उमटतं. हे चिन्ह इमोजींसाठी जन्मलेलं नाही. ते अरबी आणि भारतीय लिप्यांसाठी युनिकोडमध्ये आलं. मराठीत 'अ‍ॅप' लिहिताना अ वर चंद्र बसवायला किंवा 'दुसर्‍या' मधला र वळवायला अनेक कीबोर्ड आजही तेच चिन्ह पडद्याआड टाकतात. २०१५ च्या सुमारास आई, बाबा आणि मुलं एका चित्रात बसवायची वेळ आली तेव्हा हेच चिन्ह कामी आलं. अशा जोड्या युनिकोडच्या समितीपुढे जातात, मंजूर होतात आणि मग फोनमध्ये येतात.

दुसऱ्या पद्धतीच्या जोड्या कुठल्याही समितीपुढे जात नाहीत. त्या मुलं बनवतात, आणि तरुणांची बोली म्हणतो ती हीच. "उद्या येशील? 🥺👉👈" हा मेसेज पाहा. 🥺 हा चेहरा २०१८ मध्ये आला. दोन तर्जन्या एकमेकींना टेकवणं ही जपानी चित्रकथांमधली लाजण्याची खूण. २०२० मध्ये टिकटॉकवर हे सगळं एकत्र आलं आणि अर्थ ठरला: विचारायचंय, पण धीर होत नाहीये. बोटांचा क्रम उलटा केला, 👈👉 असं लिहिलं, तर बोटं एकमेकांपासून लांब जातात आणि लाजणं संपतं. चित्रं तीच, क्रम बदलला की अर्थ गेला. मला यात या बोलीचं खरं कसब दिसतं. 👁👄👁 चंही तेच: दोन डोळे आणि ओठ शेजारी मांडले की सुन्न होऊन बघत राहिलेला चेहरा तयार होतो. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या काही तरुण तंत्रज्ञांनी ही तीन चित्रं ट्विटरवर आपल्या नावापुढे लावली आणि नवं अ‍ॅप येतंय असं भासवून लोकांची नोंदणी करून घेतली. शेवटी अ‍ॅप नाहीच हे जाहीर करून त्यांनी वांशिक न्यायासाठी काम करणाऱ्या संस्थांकडे २ लाख डॉलरहून अधिक देणग्या वळवल्या.

त्याच महिन्यात, २९ जूनला, भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्यामुळे या जोड्या आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी मूळ जागी घडताना पाहिल्याच नाहीत. त्या रील्समधून आणि स्क्रीनशॉटमधून आल्या, कुणीतरी आधीच अर्थ लावलेल्या. काही तशाच रुजल्या. २०१५ मध्ये एका नामांकित इंग्रजी शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून 😂 निवडला होता. २०२१ पर्यंत मुलांनी तो मोठ्यांकडे सोडून दिला आणि हसण्यासाठी 💀 किंवा 😭 धरला. मराठीत त्याला अडचण आली नाही, कारण "हसून हसून मेलो" आपण आधीपासूनच म्हणत होतो. काही जोड्यांची मात्र इथल्या अर्थांशी थेट टक्कर झाली, आणि त्यात सर्वांत गुंतागुंतीचा आहे 🚩.

युनिकोडमध्ये या चित्राचं नाव साधं आहे: खांबावरचा त्रिकोणी झेंडा. २०१० च्या संचातच तो होता. महाराष्ट्रात त्याला लगेच दुसरा अर्थ मिळाला. शिवजयंतीचे स्टेटस, गडावरचे फोटो, ढोल-ताशा पथकाच्या रील, वारीचे व्हिडिओ, सगळीकडे हा झेंडा लागतो. खरं तर तो भगव्याशी जुळत नाही. भगव्या झेंड्याला सहसा दोन टोकं असतात, याला एकच. रंगही लाल. पण दुसरा पर्याय नव्हता, आणि लोकांनी तो आपला म्हणून घेतला. २०१७ मध्ये नारंगी हृदय आलं आणि 🚩🧡 ही जोडी बसली. माझ्या मते झेंड्यात नसलेला रंग शेजारच्या हृदयातून आणायची ही सोय होती. सोबत 🙏 आला की अभिवादन पूर्ण होतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्विटरवर वेगळीच लाट आली. अवतरणात एखादं वाक्य लिहायचं आणि त्यापुढे झेंड्यांची रांग लावायची: "माझे सगळे एक्स वेडे होते" 🚩🚩🚩🚩. म्हणजे असं बोलणाऱ्या माणसापासून लांब राहा. हे अर्थातच इंग्रजीतल्या 'रेड फ्लॅग'वरून आलं, आणि रेल्वेचा लाल बावटा माहीत असलेल्या आपल्याला ते समजायला अवघड नव्हतं. अवघड झालं ते हे की एकाच मुलीच्या फोनमध्ये १९ फेब्रुवारीला "जय शिवराय 🚩🚩🚩" असतं आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला "मेसेज बघतो पण रिप्लाय देत नाही 🚩🚩🚩" असतं. तीन झेंडे, एकाच ओळीत, तितकेच.

मोठ्यांचा इथे गोंधळ होतो. मुलांचा जवळजवळ होत नाही, आणि त्याची कारणं बघण्यासारखी आहेत. घोषणेच्या किंवा नावाच्या मागे आलेला झेंडा अभिवादनाचा. कुणाच्या तरी वागण्याच्या वर्णनामागे आलेला झेंडा इशाऱ्याचा. सोबत 🧡, 🙏 किंवा ⚔️ असेल तर पहिला अर्थ पक्का, 💀 किंवा 🏃‍♀️ असेल तर दुसरा. संख्येचाही नियम आहे: इशाऱ्यात झेंडे वाढले की धोका वाढतो, अभिवादनात वाढले की जोश. 'ग्रीन फ्लॅग'साठी, म्हणजे चांगल्या वागण्याच्या खुणेसाठी, हिरवा झेंडाच नसल्यामुळे त्या जागी 💚 वापरलं जातं. हे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, तरी ते काटेकोर आहेत. मुलांची भाषा बिघडली असं म्हणणाऱ्यांनी एवढा एक झेंडा नीट पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

नेमका हा संदर्भ अर्थांच्या तक्त्यांमध्ये गळून पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने पालकांसाठी एक पान काढलं: 🔌 म्हणजे विक्रेता, ❄️ म्हणजे कोकेन, 🍪 म्हणजे मोठा साठा. त्याच पानावर सूचना होती की इमोजी एकट्याने गुन्ह्याचा संकेत मानू नये, मुलाच्या वागण्यातला बदल सोबत पाहावा. मार्च २०२५ मध्ये एका ब्रिटिश मालिकेत एक मुलगा आपल्या पोलीस वडिलांना हृदयांचे रंग समजावून सांगतो: लाल म्हणजे प्रेम, पिवळं म्हणजे मला रस आहे, तुला आहे का, आणि नारंगी म्हणजे तू सावरशील. त्यानंतर असे तक्ते ब्रिटनमधल्या पालकांमध्ये फिरले आणि भारतीय वृत्तसंकेतस्थळांवरही आले. मालिकेतली भीती खरी होती. मुलांच्या टोमण्यांमध्ये मोठ्यांना न दिसणारी क्रूरता असते, हे तिने दाखवलं. पण तिथल्या शाळेतला तक्ता इथे तसाच लावला तर 🚩🧡 चं काय करायचं? 'जय भीम'सोबतच्या 💙 चं काय?

न्यायालयांपुढे हा प्रश्न आधीच आला आहे. कॅनडातल्या एका धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला. उत्तरात 👍 आला. माल पोहोचलाच नाही. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्या दोघांचे जुने मेसेज पाहिले. आधीचे करारही त्या शेतकऱ्याने 'ओके', 'यप' अशा एकेका शब्दात मान्य करून पाळले होते, म्हणून अंगठा ही सही ठरली आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. मद्रास उच्च न्यायालयात २०२४ मध्ये आलेलं प्रकरण उलट टोकाचं होतं. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येसंबंधीच्या ग्रुप मेसेजवर 👍 टाकला होता, आणि त्यातून त्याने हत्येचा आनंद व्यक्त केला असं मानून त्याला नोकरीवरून काढलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपचा फारसा सराव नसल्याचं त्याचं म्हणणं होतं. अंगठ्याचा अर्थ 'ठीक आहे', म्हणजे मेसेज पाहिला, एवढाच असू शकतो असं खंडपीठाने म्हटलं आणि त्याला पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय कायम ठेवला.