इंजिन ड्रायव्हर ते अर्थमंत्री : बेन चिफ्ली यांची पार्श्वभूमी

बेन चिफ्ली ऑस्ट्रेलियाचे अर्थमंत्री झाले ते ऑक्टोबर १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात. तिथे या पदाला ट्रेझरर म्हणतात. गाठीला पदवी नव्हती. होती ती न्यू साउथ वेल्स राज्याच्या रेल्वेतली पंचवीस वर्षांची नोकरी. मात्र बँकांवरचा त्यांचा राग समजून घ्यायचा तर त्याही मागे जावं लागतं.

जन्म १८८५ चा, त्याच राज्यातल्या बाथर्स्ट गावचा. वडील लोहार. पाचव्या वर्षी मुलाला आजोबांच्या शेतावर धाडलं. कुडाचं, मातीच्या जमिनीचं घर आणि शाळा जेमतेम. तो तिथे असतानाच, १८९३ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या बँका एकामागून एक दारं लावून बसल्या. कष्टकऱ्यांच्या ठेवी अडकल्या.

१९०३ मध्ये ते रेल्वेत लागले. आधी इंजिनं पुसायची, मग फायरमन म्हणून भट्टीत कोळसा टाकायचा आणि १९१४ मध्ये ड्रायव्हर. शिक्षण रात्रीच्या वर्गांतून झालं.

जुलै १९१७ मध्ये रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नवीन कार्ड आलं : कोणत्या कामाला किती मिनिटं लागली याची नोंद. कामगार भडकले, संप राज्यभर पसरला आणि मोडला. चिफ्लींना काढून टाकलं, मग परत घेतलं, पण फायरमन म्हणून; सेवाज्येष्ठता गेली. संपाच्या काळात कामावर राहिलेले पुढे सरकले. हा सल त्यांनी जन्मभर बाळगला. इंजिन ड्रायव्हर-फायरमनच्या संघटनेत ते पुढे आले आणि १९२८ मध्ये मजूर पक्षातर्फे संसदेत पोहोचले.

खरा धडा मिळाला तो महामंदीत. १९३१ मध्ये लोकांनी निवडलेलं मजूर सरकार पैसा मागत होतं आणि सरकारच्याच मालकीच्या कॉमनवेल्थ बँकेचं संचालक मंडळ नकार देत होतं. शेवटी पगार आणि पेन्शन कापण्याची योजना आली. चिफ्लींनी नाइलाजाने तिला साथ दिली आणि त्याच वर्षी मतदारसंघ गमावला. पुढे १९३५ मध्ये बँकव्यवस्थेच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमलं गेलं, त्यावर त्यांची नेमणूक झाली. माझ्या मते त्यांचं विद्यापीठ हेच. १९३७ च्या अहवालाला त्यांनी भिन्न मत जोडलं : खासगी बँका राष्ट्राच्या ताब्यात घ्या.

अर्थमंत्री झाल्यावर १९४२ मध्ये आयकर राज्यांकडून केंद्राकडे आला. १९४५ मध्ये पंतप्रधान जॉन कर्टिन यांच्या निधनानंतर ते पंतप्रधान झाले, पण अर्थखातं सोडलं नाही. १९४७ मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा आणला. पुढच्याच वर्षी हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो उडवला. १९४९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयानेही, सरकारचं अपील फेटाळलं.

त्याच १९४९ मध्ये खाणकामगारांचा संप पेटला. वीज तुटली, कारखाने थांबले. आणि संपापायी स्वतः नोकरी गमावलेल्या या माणसाच्या सरकारने संघटनांचे पैसे गोठवले, ऑगस्टमध्ये खाणींत कोळसा काढायला लष्कर उतरवलं. डिसेंबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाची सत्ता गेली. १९५१ मध्ये चिफ्ली वारले. त्यांनी चालवलेलं एक वाफेचं इंजिन बाथर्स्ट स्टेशनजवळ आजही उभं आहे.