मुंबईचं पाणी दर वेळी उत्तरेलाच का सापडतं : थोडी पार्श्वभूमी

जुलै उजाडला की सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो चार्ट फिरायला लागतो, सात तलावांची नावं, पुढे किती दशलक्ष लिटर साठा, किती टक्के, मागच्या वर्षी याच दिवशी किती होतं. त्यात तुळशी भरून वाहायला लागला की लोक लगेच हात जोडणारे इमोजी टाकतात, झालं, यंदाचं टेन्शन गेलं. आता तुळशीची क्षमता बघा, ८,०४६ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज साधारण ३,९५० दशलक्ष लिटर पाणी लागतं म्हणजे दिलं जातं (लागतं त्याहून जास्त, ते पुढे बोलू). म्हणजे अख्खा तुळशी काठोकाठ भरला तरी शहराचं दोन दिवसांचं पाणी. विहार भरला तर एक आठवडा. आणि एकटा भातसा भरला तर सहा महिने! सातही तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, ती रोजच्या पुरवठ्याने भागली की बरोबर वर्ष निघतं, म्हणून १ ऑक्टोबरला हा आकडा गाठला की पालिका निश्चिंत, नाही गाठला की उन्हाळ्यात कपात.

पण त्या चार्टमधली नावं जुन्याकडून नव्याकडे वाचत गेलं तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहासच आहे तो. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा मोठं किंवा लांबचं, आणि सगळी उत्तरेला नाहीतर ईशान्येला. शहरात पाणी कमी पडलं की मुंबईने प्रत्येक वेळी तेच एक उत्तर दिलंय, अजून पुढे जा आणि अजून एक धरण बांधा.

याच्याही आधी मुंबई छोटी होती तेव्हा पाणी गावातच होतं. विहिरी आणि तलाव, तेही बरेचसे दानशूर लोकांनी बांधलेले. आज आपण सीपी टँकला उतरतो, धोबी तलावला सिग्नलला अडकतो, गोवालिया टँकला सभेला जातो, दो टाकीला जेवायला जातो, यातल्या कुठे पाणी दिसतं का सांगा. सीपी टँक म्हणजे कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकात बांधलेला तलाव, धोबी तलावाला पुढे फ्रामजी कावसजींचं नाव लागलं. बाणगंगा तेवढा टिकला, तो देवस्थानामुळे. आणि चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर, १७२५ ची, ती पारशी समाजाने जपली म्हणून आहे. तेव्हा पाणीपुरवठा असं कुठलं खातंच नव्हतं, ज्याच्या वाडीत विहीर त्याचं पाणी, बाकीच्यांनी सार्वजनिक तलावावर जायचं, आणि मे महिना आला की गाळ आणि किडे गाळून प्यायचं.

१८५० च्या दशकाच्या मध्यात पावसाने दगा दिला आणि ही सगळी व्यवस्था कोसळली. विहिरी आटल्या, पाणी वाचावं म्हणून गावातली गुरं माहीमकडे हलवायला लागली, बाहेरून पाणी आणून वाटायची वेळ आली. त्यातून हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनियरची योजना पुढे आली, की साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या बेटावर, मिठी नदीच्या उगमाकडे विहारला बांध घालायचा आणि लोखंडी नळाने पाणी शहरात आणायचं. १८५६ ला काम सुरू, १८६० ला पाणी आलं. दिवसाला ३२ दशलक्ष लिटर. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार भरली, म्हणजे माणशी ४० लिटरच्या आतबाहेर, दोन बादल्यांच्या थोडं वर. तेही सगळ्यांना सारखं मिळत होतं असं अजिबात समजू नका, नळ कुठल्या गल्लीत जायचा आणि कुठल्या नाही हे तेव्हापासूनच ठरलेलं.

विहारची खरी गंमत म्हणजे त्यावेळी तो पुरेसा वाटला होता! बारा वर्षांत, १८७२ ला, बांधाची उंची वाढवायला लागली. मग त्याच्याच वरच्या अंगाला तुळशी, १८७९. मग पाणी साठवून दाबाने सोडायला उंच जागा हवी म्हणून मलबार हिलवर आणि भंडारवाड्याला टाक्या. कमला नेहरू पार्कमध्ये आपण म्हातारीच्या बुटाचा फोटो काढायला जातो ना, त्याच्या समोरचं हँगिंग गार्डन मलबार हिलच्या टाकीच्या छपरावर आहे, हे बऱ्याच मुंबईकरांनाही २०२३ मध्येच कळलं, जेव्हा पालिकेने ती टाकी पाडून नवी बांधायचं काढलं आणि झाडं जाणार म्हणून लोक उठले. तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, आयआयटी रुरकीचाही अहवाल आला, शेवटी पाडायची गरज नाही, दुरुस्ती करा, असं निघालं. सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी टाकी आणि अजून दक्षिण मुंबईला पाणी देतेय. तेव्हाच्या कामाचं कौतुक करा, पण नंतरच्या शंभर वर्षांत तिला पर्यायी टाकी उभी केली नाही म्हणून दुरुस्तीसाठी रिकामी करायचीही पंचाईत, हेही खरंच.

मधे एक पवई झाला. १८९० च्या आसपास घाईघाईत, तानसा येईपर्यंत नड भागावी म्हणून. पाणी इतकं खराब निघालं की लवकरच पिण्यासाठी सोडून दिलं. आजही ते पिण्याला चालत नाही, आरे कॉलनी आणि कारखान्यांना जातं. म्हणून चार्टमध्ये पवई नसतो, दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, पवई भरला तरी आकडा का नाही वाढला.

तानसा म्हणजे खरी उडी. तोवर पाणी साष्टीतलं होतं, म्हणजे जवळपास घरचंच. तानसा थेट शहापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध, १८९२ ला सुरू. मेजर टुलॉक या पालिकेच्या इंजिनियरने वीसेक वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं की कधी ना कधी तानसाकडे जावंच लागेल, पण खर्च बघून सगळे मागे सरले, आणि स्वस्तातले तुळशी-पवई करून झाल्यावर शेवटी तिथेच गेले. (हा पॅटर्न लक्षात ठेवा, पुन्हा येतो.) तानसाचं सगळ्यात भारी काय तर पाणी उताराने येतं. पंप नाही, वीज नाही. तानसाची लाईन नंतर १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी वाढवली. मुलुंड, घाटकोपर, कुर्ल्यात झोपड्यांच्या मधून जाणारे ते माणसापेक्षा उंच पाईप बघितलेत ना, त्यात हेच तानसाचं पाणी. आणि पाईपला लागून राहणाऱ्यांना त्यातलं मिळायची गॅरंटी नाही, यावर पुढे येतो.

१८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा याच काळातला, त्यात पाणी देणं हे पालिकेचं बंधनकारक काम म्हणून लिहिलंय. आज आपण पालिकेला कितीही शिव्या घातल्या तरी एक मोठा फरक इथूनच पडला, की मुंबईच्या पालिकेकडे स्वतःची धरणं, स्वतःच्या लाईनी आणि स्वतःचे इंजिनियर. आजूबाजूच्या छोट्या शहरांकडे बघा. मीरा-भाईंदर स्टेम (शहाड-टेमघरची पाणीपुरवठा संस्था) आणि एमआयडीसीच्या पाण्यावर, अंबरनाथ-बदलापूरचा भार उल्हास नदी आणि बारवी धरणावर, ठाणे-भिवंडी काही पाणी मुंबईच्याच लाईनीवरून घेतात, कारण लाईन त्यांच्या अंगणातून जाते. मालकीचं धरण नाही म्हटल्यावर उन्हाळ्यात कोण किती तोडणार हे दुसराच ठरवतो. मुंबई छोटी असतानाच धरणांच्या मागे लागली म्हणून वाचली, हे मान्य करायला हवं.

नळाचं पाणी आल्यावर विहिरी-तलावांचं काय झालं? बुजवले. त्याला कारण मलेरिया. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावर अहवाल आला, डास घरोघरच्या विहिरींत वाढतात म्हणून त्या बंद करा, झाका. पारशी आणि हिंदूंनी धार्मिक कारणांनी विरोधही केला, काही विहिरींना झाकण आणि जाळी लावून सूट मिळाली. आरोग्याच्या बाजूने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, पण शहराला स्वतःच्या जमिनीतलं पाणी जे विसरायला झालं ते तिथून. आता तेच विहिरीचं पाणी टँकरवाले विकतात! एप्रिल २०२५ मध्ये भूजल परवानगीच्या नियमावरून टँकर असोसिएशनने संप केला तेव्हा चार-पाच दिवसांत बिल्डिंगा, बांधकामं, हॉटेलं सगळ्यांची धावपळ झाली, पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढायला लागला. बुजवलेल्या विहिरींच्या शहरात विहिरींवर इतकं काही चालतं हे तेव्हा कळलं बऱ्याच जणांना.

स्वातंत्र्यानंतरचं जरा भराभर सांगतो कारण कथा तीच आहे. १९५७ ला खालची वैतरणा, म्हणजे मोडकसागर, नगर अभियंता मोडक यांच्या नावाने. एका पालिका इंजिनियरचं नाव धरणाला, हे आजच्या काळात होईल का विचार करा. १९७३ ला अप्पर वैतरणा, तो तर नाशिक जिल्ह्यात. १९८० च्या आसपास भातसा, राज्य सरकारचं धरण, त्याचं पाणी नदीतूनच खाली पिसेपर्यंत येतं, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध होतं. इथे तानसाची ती फुकटची उताराची सोय संपली, विजेचं बिल सुरू झालं, म्हणून पिसे-पांजरापूरला वीज गेली की आपल्याकडे नळ गेला अशी बातमी येते. भांडुप कॉम्प्लेक्सचं मोठं शुद्धीकरण केंद्र याच वाढीतलं. आणि शेवटचं मध्य वैतरणा, १०२ मीटर उंच, २०१४ पासून. त्यानंतर नवं धरण नाही.

एवढं सगळं येऊनही २४ तास पाणी नाही. आपल्याकडे पाणी 'येतं', वेळेवर. कुठे पहाटे साडेचार, कुठे दुपारी, कुठे रात्री अकराला दीड तास. शहर झोनमध्ये वाटलंय आणि प्रत्येक झोनचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा आणि बंद करायचा, त्यासाठी पालिकेचे चावीवाले. रस्त्यावरचं गोल झाकण उचलून, टी आकाराची लांब लोखंडी चावी आत घालून दोघं मिळून ती फिरवताना कधी बघितलं नसेल तर पहाटे बघा, किती आटे फिरवले यावर तुमच्या मजल्याचं प्रेशर. आटे मोजणारा माणूस अनुभवाने मोजतो, त्याला माहीत असतं कुठली चाळ शेवटच्या टोकाला आहे आणि कुठल्या सोसायटीने सक्शन टँकला किती मोठा पंप लावलाय. संगणकावरचा नकाशा वेगळा आणि जमिनीखालचा वेगळा हे कुठलाही ज्युनियर इंजिनियर खाजगीत सांगेल. चाळीत पिंप, फ्लॅटमध्ये जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी, हे सगळं याच वेळापत्रकाचं बाळ. अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व वॉर्डात २००६-०७ च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशाने सल्लागार नेमून वेगळं काही करायचा प्रयत्न झाला, खाजगीकरणाचा वास आला म्हणून लोक आणि कामगार युनियन दोघेही भडकले आणि तो बारगळला.

आता ते पाईपशेजारी राहणारे. बरीच वर्षं नियम असा होता की ठराविक तारखेनंतरची झोपडी असेल तर नळजोडणी नाही. म्हणजे पाणी हवं तर माणसाला नाही, आधी झोपडीला जुना कागद हवा. पाणी हक्क समिती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी पाणी नाकारता येत नाही, ते जगण्याच्या हक्कातच येतं. पालिकेला मग धोरण करावं लागलं, मे २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' जाहीर झालं. कागदावर. ज्यांना अजून मीटर मिळालं नाही ते शेजारच्या कोणाकडून ड्रमच्या हिशोबाने विकत घेतात आणि लिटरमागे टॉवरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतात.

आणि दुसरं टोक शहापूर. तानसा तिथे, भातसा तिथे, वैतरणेच्या लाईनी तिथूनच. त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात आदिवासी पाड्यांना टँकरने पाणी द्यायला लागतं. धरणाच्या भिंतीवरून पाणी दिसतं आणि बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. मुंबईने पुढे पुढे जायचं ठरवलं त्याची किंमत कोणी भरली हे बघायला फार संशोधन लागत नाही, कसारा लोकलने एप्रिलमध्ये जाऊन या.

पुढचं नाव गारगाई. पालघर जिल्ह्यात, तानसा अभयारण्याच्या हद्दीत, रोज ४४० दशलक्ष लिटर मिळेल म्हणतात. त्यासाठी लाखोंत झाडं जाणार म्हणून मध्यंतरी ते बाजूला ठेवलं आणि मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प पुढे आणला. तो महागडा, वीज खाणारा, म्हणून रेंगाळला आणि गारगाई पुन्हा टेबलावर आलं. टुलॉकच्या वेळी झालं होतं तसंच. मागणी आणि पुरवठ्यात आजच काहीशे दशलक्ष लिटरची तूट आहे, त्यामुळे गारगाई झालं तरी ते ही तूट भरण्यातच जाईल. योजनेनुसार त्याचं पाणी बोगद्यातून मोडकसागरात सोडायचंय आणि तिथून पुढे आहे त्याच व्यवस्थेतून मुंबईत आणायचंय. त्यानंतरच्या यादीत पिंजाळ आहे, आणि दमणगंगा.