सांधेवाल्याविना सांधा

डोंगरावरच्या एकेरी रुळावर दोन डबे समोरासमोर येतात आणि धडकणार असं वाटत असतानाच एकमेकांच्या बाजूने निघून जातात. असे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात आणि ‘चालकाने ऐनवेळी रूळ बदलला’ असं त्यावर बिनधास्त लिहिलेलं असतं. हे साफ चूक आहे. तिथे रूळ बदलतच नाहीत.

स्वित्झर्लंडमधल्या थुन सरोवराकाठचा नीझन डोंगर घ्या. २,३६२ मीटर उंचीच्या या शिखराजवळ १९१० पासून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे जाते. खंडाळ्याच्या घाटात चढ साधारण ३७ फुटांना १ फूट, तरी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. नीझनवर सर्वांत तीव्र चढ १०० मीटरला ६८ मीटर, म्हणजे सुमारे ३४ अंश! इतक्या चढावर पोलादी चाक पोलादी रुळावरून घसरणारच. म्हणून डबा दोराने ओढतात.

दोराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा डबा असतो. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे पोहरे बांधावेत तसं. समजा, रिकामा डबा ८,००० किलोचा आहे, वर ३० माणसं चालली आहेत, खाली २० येत आहेत आणि प्रत्येकाचं वजन ६५ किलो आहे. एकटा डबा ओढायचा तर भार ९,९५० किलो. जोडीने ओढताना डब्यांची वजनं एकमेकांना तोलतात, उरतो फक्त १० माणसांचा फरक, ६५० किलो. घर्षण आणि दोराचं वजन सोडलं, तर मोटारीचं काम पंधरा पटींनी घटतं. ही फुकटची ऊर्जा नव्हे.

आता खरी गंमत. रूळ न हलवता दोन डबे एकमेकांच्या बाजूने काढण्याची कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची युक्ती १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच गीसबाखच्या रेल्वेत वापरली गेली. साध्या रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एकच कडा असते. आजच्या फ्युनिक्युलरमध्ये पहिल्या डब्याच्या डावीकडच्या चाकांना दोन्ही बाजूंनी कडा असतात, त्यामुळे ती रुळाला दोन्हीकडून धरून राहतात. उजवीकडची चाकं मात्र बिनकडेची, रुंद, लाटण्यासारखी सपाट. दुसऱ्या डब्याला बरोबर उलटी रचना. मध्यावर जिथे मार्ग फुटतो, तिथे बाहेरचे दोन्ही रूळ सलग असतात. पहिला डबा डावा रूळ सोडूच शकत नाही, म्हणून तो डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे. आतल्या रुळांत दोर जाण्यासाठी फटी ठेवलेल्या असतात. तिथे कडा असलेलं चाक अडकलं असतं, रुंद सपाट चाक सहज ओलांडून जातं.

वर जाताना असो वा खाली येताना, बाजू तीच राहते. म्हणूनच वरून अगदी सारखे दिसणारे हे दोन डबे एकमेकांच्या जागी मात्र चालत नाहीत.