क्रोनोस क्वार्टेट

क्रोनोस क्वार्टेट हा अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं) आणि एक चेलो (त्याहून मोठं आणि खर्जातलं) असा चौघांचा संच, यालाच क्वार्टेट म्हणतात, आणि त्याच्यामागची ना-नफा संस्था म्हणजे क्रोनोस परफॉर्मिंग आर्ट्स असोसिएशन. आजच्या संगीतकारांना मानधन देऊन नव्या रचना लिहून घ्यायच्या आणि त्या लोकांपुढे वाजवायच्या, हे यांचं खरं काम. यालाच रचना कमिशन करणं म्हणतात, दलालीशी त्याचा संबंध नाही. अरेंजमेंट (आधीच्या रचना चौघांसाठी नव्यानं बसवणं) धरून अशा रचना हजाराच्या वर गेल्यात.

सुरुवात १९७३ ची धरावी की १९७८ ची, हा प्रश्न पडू शकतो. ज्या चौघांमुळे नाव झालं (डेव्हिड हॅरिंग्टन, जॉन शेरबा, हँक डट, जोन जाँरनो) ते सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ च्या सुमारास एकत्र आले. तरी १९७३ च जास्त पटतं, कारण क्वार्टेट मुळात सुरू झालं सिएटल शहरात, आणि नवं लिहून घ्यायची सवय तेव्हापासूनचीच आहे. हॅरिंग्टननी त्या वर्षी रेडिओवर संगीतकार जॉर्ज क्रम यांची 'ब्लॅक एंजल्स' ही रचना ऐकली, व्हिएतनाम युद्धाच्या काळातली, जिच्यात वादक पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांच्या कडेवरून बो (वाजवायचा गज) फिरवतात आणि मधेच वेगवेगळ्या भाषांत आकडे म्हणतात, आणि हे वाजवायचंच म्हणून त्यांनी क्वार्टेट काढलं. पहिली रचना त्यांचे शिक्षक केन बेनशूफ यांनी लिहून दिली, मोबदला काय तर पिशवीभर डोनट.

अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांची गाठ पडली ऑकलंडच्या मिल्स कॉलेजात. रायली हे पंडित प्राणनाथांचे शिष्य, म्हणजे किराणा घराणं. आपल्याला किराणा म्हटलं की आधी मिरजेचे अब्दुल करीम खाँ आठवतात, पण प्राणनाथांची तालीम अब्दुल वहीद खाँसाहेबांकडची, हा फरक ध्यानात ठेवावा. १९६४ च्या 'इन सी' या रचनेनंतर रायलींनी कागदावर लिहिणं जवळपास सोडलंच होतं, सगळा भर उत्स्फूर्त वादनावर, त्यांना पुन्हा लिहायला लावलं ते हॅरिंग्टननी. माझ्या मते क्रोनोसची ही सगळ्यात मोठी कामगिरी, पुरस्कारांपेक्षाही मोठी.

संगीतकार स्टीव्ह राइख यांची 'डिफरंट ट्रेन्स' (१९८८) ही रचना क्रोनोससाठीच लिहिलेली. राइख लहानपणी अमेरिकेत ट्रेनने फिरत होते तेव्हा नाझी युरोपातल्या ज्यूंना कुठल्या ट्रेनमध्ये कोंबत होते, हा त्यामागचा विचार. टेपवर माणसं बोलतात, त्या बोलण्याचा चढउतार हीच चाल, बाई बोलली की व्हिओला तीच चाल धरतो, पुरुष बोलला की चेलो. स्टेजवर चौघंच असतात, पण आधी रेकॉर्ड केलेली आणखी तीन क्वार्टेट सोबत वाजत असतात.

मराठी वाचकाला हे नाव बहुधा आशा भोसले यांच्यामुळे माहीत असेल. २००५ च्या अल्बममध्ये आर. डी. बर्मन यांची गाणी आशाताईंनी क्रोनोससोबत पुन्हा गायली, तबल्यावर झाकीर हुसेन. अल्बमचं इंग्रजी नाव 'यू'व्ह स्टोलन माय हार्ट', म्हणजे सरळ 'चुरा लिया है तुमने'.

२०११ मध्ये क्रोनोसला स्वीडनचं पोलर म्युझिक प्राइझ मिळालं. शेरबा आणि डट २०२४ मध्ये निवृत्त झाले.

'फिफ्टी फॉर द फ्युचर' या योजनेत २५ स्त्रिया आणि २५ पुरुष संगीतकारांकडून तरुण क्वार्टेटसाठी नव्या रचना लिहून घेतल्या, त्यात झाकीर हुसेन यांची 'पल्लवी' आहे आणि कला रामनाथ यांची 'अमृत' पण. त्यांची नोटेशन्स वेबसाइटवर फुकट आहेत, कुठल्याही गावातल्या चार पोरांनी उतरवून घ्यावीत आणि वाजवावीत.