फेसवॉशच्या लेबलामागची शंभर वर्षे

फेसवॉशच्या ट्यूबवर समोर कडुनिंब, हळद, कोरफड, पपई यांची चित्रे असतात. चेहऱ्यावरचा मळ काढण्याचे काम मात्र यांतले जवळजवळ कोणीच करत नाही. ते करणारा घटक मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. नैसर्गिक म्हणून विकला जाणारा फेसवॉश पारखायचा तर आधी तो घटक शोधावा लागतो. चित्र आणि काम यांची अशी फारकत का झाली, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

साबणाआधी आपल्याकडे तेल आणि पीठ होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या दिनचर्येत अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे येते, मग व्यायाम, मग उद्वर्तन, म्हणजे अंगाला चूर्ण चोळणे. नरक चतुर्दशीच्या पहाटे घराघरांत आधी तेल आणि मग उटणे लावतात, त्याचे मूळ याच परंपरेत आहे. यातला क्रम फार महत्त्वाचा. अंगावरचा तेलकट मळ तेलात सुटतो आणि मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ ते तेल ओढून घेते. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद ही त्यापुढची भर. हेच उटणे तेल न लावता रोज कोरड्या चेहऱ्यावर घासले, तर पिठाचे कण त्वचा नुसती खरवडतात. घरगुती उपाय सांगणारे तेलाची ही पायरी सर्रास गाळतात, ते मला खटकते.

खरा फेस देणारी वनस्पती म्हणजे रिठा, आणि तिच्या जोडीला शिकेकाई. दोन्हींत सॅपोनिन असते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे, म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर निघून जातो. रिठ्याच्या पाण्यात रेशमी वस्त्रे धुतली, दागिने उजळले. पण तेच पाणी डोळ्यांत गेले की किती झोंबते, हे रिठ्याने न्हालेल्या पिढीला सांगायला नको. झाडापासून आलेली वस्तू सौम्य असतेच असे नाही.

1888 साली लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण कोलकात्याच्या बंदरात उतरला. साबण म्हणजे चरबी किंवा तेल आणि अल्कली यांची रासायनिक क्रिया. त्यात प्राण्यांची चरबी असेल, तर इथल्या अनेकांना तो अंगाला लावणे मान्य नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर, 1918-19 च्या सुमारास, अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलांचा साबण आणला तो याच अडचणीवर उत्तर म्हणून. महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली आणि म्हैसूर संस्थानाने 1916 मध्ये साबणाचा कारखाना काढला. लेबलावरच्या ‘वनस्पतिजन्य’ या विशेषणाला आपल्याकडे जे वजन आहे ते इथून आले. त्यामागे श्रद्धा होती, स्वदेशीचा आग्रह होता, आणि दोन्ही खरे होते.

त्वचेला मात्र चरबी कुठली याने फारसा फरक पडत नव्हता. 1928 मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेच्या आम्लधर्मी आवरणाची कल्पना मांडली. पीएच हा आम्लता मोजण्याचा आकडा: 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. निरोगी चेहऱ्याचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो. साबणाचा 9 ते 10. खोबरेल तेलाचा असो, ऑलिव्हचा असो, घरी केलेला हळद-चंदनाचा असो, साबण झाला की तो अल्कधर्मी होणारच. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो त्याला बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत खाण्यासाठीच चरबी पुरेना, तेव्हा तिच्याशिवाय धुणारे पदार्थ शोधले गेले. 1930 च्या दशकात सल्फेट गटातले पदार्थ बाजारात आले. आज बदनाम झालेले सोडियम लॉरिल सल्फेट याच कुळातले, आणि ते बहुधा खोबरेल किंवा पामच्या तेलापासूनच बनते. 1957 मध्ये अमेरिकेत आलेल्या डव्हच्या वडीत त्याहून सौम्य, आयसेथिओनेट गटातला घटक होता. आज ‘सल्फेटमुक्त, नैसर्गिक’ ट्यूबमध्ये जे डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड दिसते, त्या कुळातली पहिली संयुगे एमिल फिशर यांनी 1893 मध्ये प्रयोगशाळेत तयार केली होती. मला हा घटक आवडतो, पण तो सौम्य आहे म्हणून. ‘नारळापासून मिळवलेले’ हे वर्णन सल्फेटलाही तितकेच लागू पडते.

लेबलाचा कायदाही समजून घ्यायला हवा. विको टर्मरिक औषध की प्रसाधन, हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. आयुर्वेदिक परवाना हा व्यापारात किती मोठा मुद्दा आहे, ते त्यावरून दिसते. प्रसाधनांच्या 2020 च्या नियमांप्रमाणे घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात. आयुर्वेदिक परवान्याच्या कितीतरी फेसवॉशवर मात्र वनस्पतींचे अर्क मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असतात आणि पुढे नुसते ‘बेस’ म्हटलेले असते. चेहरा धुणारा पदार्थ त्या एका शब्दात असतो. अशी ट्यूब मी संवेदनशील त्वचेच्या कुणालाही सुचवणार नाही.

टिकवणाऱ्या घटकांचा इतिहास तर सर्वांत शिकवणारा. उटणे कोरडे, म्हणून टिकते. फेसवॉशमध्ये पाणी असते, त्यात जंतू वाढतात, म्हणून त्याला संरक्षक घटक लागतोच. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींत पॅराबेन हे संरक्षक घटक आढळले. पॅराबेनमुळे गाठ होते असे त्याने सिद्ध केले नव्हते, तरी भीती जगभर पसरली. अनेक कंपन्यांनी पॅराबेन काढून मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा दुसरा संरक्षक घटक वापरला. त्याने ॲलर्जीच्या रुग्णांची संख्या इतकी वाढली, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साठी त्यालाच ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. युरोपीय संघाने पुढे न धुता ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्याचे प्रमाण 0.0015 टक्क्यांवर आणले. ‘पॅराबेनमुक्त’ वाचल्यावर त्याच्या जागी काय घातले आहे ते यादीत पाहायचे, ते यासाठी. सोडियम बेंझोएट किंवा फिनॉक्सिएथॅनॉल असेल, तर बहुतेकांना चालते. पाण्याचा फेसवॉश असून संरक्षक घटक कुठलाच दिसत नसेल, तर तो घेऊ नये.

पीएच छापण्याची सक्ती आपल्याकडे नाही. काही कंपन्या 5.5 असा आकडा आपणहून देतात. जिथे तो नसतो तिथे घटकांच्या यादीतली पहिली पाच नावेच वाचायची: त्यांत सोडियम पामेट किंवा सोडियम कोकोएट (पामच्या आणि खोबरेल तेलाच्या साबणाची रासायनिक नावे) दिसले, तर पुढे कितीही वनस्पती असल्या तरी हातात साबणच आहे.