पदपथवासी कामगार (मुंबई)

पदपथवासी कामगार : मुंबईत रोज कामाला जाणारे, पण रात्री पदपथावर, पुलाखाली, बंद दुकानाच्या फळीवर किंवा हातगाडीवरच झोपणारे लोक. बोलीत ‘फुटपाथवाले’, सरकारी कागदात ‘बेघर’. झोपडपट्टीतल्या रहिवाशापासून ते वेगळे : झोपडीला निदान चार पत्रे आणि एखादा क्रमांक असतो, यांच्याकडे बोचके असते. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. मुंबईत ५७,४१६ भरले. रात्रपाळीला गेलेला माणूस एका रात्रीच्या मोजणीत कितपत सापडतो, हा प्रश्न उरतोच.

मशीद बंदर, काळबादेवी, क्रॉफर्ड मार्केटचे हमाल आणि हातगाडीवाले, सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी, लग्नांच्या केटरिंगमधले वाढपी, कचरावेचक, सिग्नलवर गजरे विकणारी पारधी कुटुंबे असे हे लोक. मुक्काम बहुधा कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो. पहाटे मालाचा ट्रक लागतो तेव्हा जो हमाल हजर असेल त्याला खेप मिळते. लांबच्या उपनगरातून लोकल पकडून येणाऱ्याच्या हातून ती गेलेली असते. खोलीचे भाडे एक वेळ जमेल, डिपॉझिट जमत नाही.

दिवसा बोचके झाडाच्या बेचक्यात किंवा ओळखीच्या पानवाल्याकडे ठेवतात. ‘गाडी आली’ एवढे दोन शब्द ऐकले की पळापळ होते. गाडी म्हणजे महापालिकेची, अतिक्रमण उचलणारी. ताडपत्री, भांडी, पाण्याचे कॅन तिच्यात जातात. बायका आधार आणि रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचून ठेवतात. पातेले पुन्हा घेता येते. कागद पुन्हा काढायचा तर आधी पत्ता सांगावा लागतो.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा, अर्जदार पत्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा ‘ओल्गा टेलिस’ निकाल (१० जुलै १९८५) घटनेच्या अभ्यासक्रमात असतो, पण त्यातली एका अर्जदाराची हकिकत फारशी कोणी वाचत नाही. संगमनेरचा चर्मकार, दिवसाला सात-आठ रुपये कमावणारा. गावचे घर पडले म्हणून १९६९ साली मुंबईत आला. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या पदपथावरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० गेले. म्हणजे फुकट राहणे म्हणतात त्यासाठी जवळजवळ तीन महिन्यांचा पगार.

सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केले की अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते, आणि पदपथावरून उठवले तर या लोकांचे काम जाईल. मात्र पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाच नाही, असेही म्हटले. महापालिका कायद्याचे नोटिशीविना अतिक्रमण काढण्याची मुभा देणारे कलम ३१४ वैध ठरले. मात्र तातडीचा अपवाद सोडला तर आधी म्हणणे ऐकून घ्यावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. मिळाली ती मुदत : ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, पावसाळा सरून महिना होईपर्यंत. तत्त्वाने अर्जदार जिंकले, जागेने हरले.

मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ याहून बोचरा आहे. त्याच्या व्याख्येत हात पसरणाऱ्याबरोबरच, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरणारा किंवा थांबणारा, की तो भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारी. वस्तू विकण्याचे निमित्त करून भीक मागणे हेही त्यात येते, त्यामुळे गजरेवालीही सुटत नाही. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षे भिक्षेकरी गृहात, पुन्हापुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत. मुंबईचे असे गृह चेंबूरला आहे. हमालाचे साधन म्हणजे त्याची पाठ. दुपारी बाजारात ती सगळ्यांना दिसते, रात्री पदपथावर कोणालाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्राला तो निकाल लागू नाही. पारध्यांच्या बाबतीत संशयाचा इतिहास आणखी जुना : इंग्रजांच्या काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, चौकीतल्या नजरेतून नाही.

शहरी बेघरांच्या केंद्रीय योजनेचा निकष असा होता की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायम निवाऱ्यात सोय हवी. २०११च्या जनगणनेतल्या सव्वा कोटींच्या मुंबईत या हिशेबाने शंभर जणांचे निदान सव्वाशे निवारे होतात. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या आसपासही नाही. आहेत तिथेही पुरुष, स्त्रिया, मुले असे वेगवेगळे गट पाडले की नवरा-बायको पोरांसह पदपथावरच राहणे पसंत करतात. हातगाडी निवाऱ्यात नेता येत नाही, आणि भाड्याची गाडी रात्री रस्त्यावर सोडली तर सकाळी जागेवर असेल याची खात्री नसते. म्हणून गाडीवाला गाडीवरच झोपतो.