यंत्राआधीची वही

९ ऑगस्ट २०२५. नागपूर–जबलपूर महामार्गावर देवलापार हद्दीत ट्रकच्या धडकेने दुचाकीवरची बाई जागीच गेली. मदतीला कुणी थांबेना, तेव्हा नवऱ्याने तिचा मृतदेह दुचाकीलाच बांधून गावची वाट धरली. ट्रकबद्दल त्याला सांगता आलं ते इतकंच, की त्यावर लाल खुणा होत्या. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण ‘मार्व्हल’च्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) प्रणालीतून चाळलं. लाल खुणांचे ट्रक निवडले, त्यांच्या वेगावरून एक वेगळा काढला. ३६ तासांच्या आत तो ग्वाल्हेर–कानपूर महामार्गावर पकडला गेला.

‘मार्व्हल’ ही राज्य सरकारची कंपनी. आयआयएम नागपूर आणि पिनाका टेक्नॉलॉजीज तिच्यात सोबत आहेत. तिची नोंदणी मार्च २०२४ मधली. पुढे तपासात मदत करणारी ‘महाक्राइमओएस’ प्रणाली आधी २३ ठाण्यांत चालवून पाहिली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातल्या सगळ्या ११०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. हे जमलं, कारण ठाण्यांच्या नोंदी तोवर संगणकावर आल्या होत्या. देशातली ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला २००९ मध्ये, मुंबई हल्ल्यानंतर, मंजुरी मिळाली होती.

पण नोंदींची सवय त्याहून फार जुनी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. त्या यादीत पारधी आले. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, दुसरीकडे जायचं तर परवाना घ्यायचा. गुन्हा घडो न घडो, माणूस वहीत जन्मापासून. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली आणि ठाण्याची नजर तीच राहिली. चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, गाडी जाते, हे विदर्भात नवं सांगायला नको.

आता ट्रक शोधणं आणि माणूस हेरणं यांत मी तरी फरक करतो. लाल खूण ट्रकवर असते किंवा नसते. ‘हा पुन्हा गुन्हा करेल’ हे मात्र यंत्र जुन्या अटकांवरून शिकतं, आणि अटक कुणाला झाली हे पोलीस कुठे गेले त्यावर ठरतं. अमेरिकेत हे होऊन गेलं आहे. ‘कॉम्पास’ नावाच्या प्रणालीने पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांनाही गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा धोकादायक ठरवल्याचं २०१६ मध्ये एका शोधपत्रकारितेतून पुढे आलं. गुन्हा कुठे घडेल ते सांगणारी ‘प्रेडपोल’ लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये बंद केली.

उलट शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, मारामारी, घरातली मारहाण पुष्कळदा गावातच मिटवली जाते. ती वहीत नाही, म्हणून यंत्रालाही दिसत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्तांना, म्हणजे त्या जुन्या यादीतून सुटलेल्या जमातींना, मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. जातीचा रकाना यंत्रापासूनही लपवता येईल. पत्त्यात ‘बेडा’ लिहिलेलाच असतो.